पहिली उधारी

आमच्या उमरीच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीचे पूजन होत असे. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघे, श्रीगौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण होई आणि मग वडील नव्या सालाची पहिली रक्कम लिहीत. ते आटोपले की आतल्या खोलीतून दादीसांचा आवाज येई, ‘‘येणे लिहिलेत ना? आता देणेही आठवा.’’ आम्हा मुलांना वाटे, कुणाचे तरी पैसे द्यायचे राहिले असतील. वडील मात्र हात जोडून गप्प बसत. दादीसा ज्या देण्याची आठवण करून देत, ते कोणत्याही खात्यावर लिहिलेले नव्हते. ते काय होते, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. माझी लेक परमुलखात एकटी राहू लागली तेव्हा.

आपल्या समाजातील बहुतेक घरांच्या मुळाशी एक प्रवास आहे. पूर्वज कोणत्या साली निघाले, कोणत्या गावी उतरले, पहिले दुकान कुठे थाटले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी कसे कष्ट उपसले आणि काय मिळवले, हेही सांगतो. परंतु त्या पहिल्या दिवसांत त्यांना कुणी काय दिले, याचा उल्लेख क्वचितच होतो. कमाईची कथा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उधारीची कथा एका पिढीत विसरली जाते.

छप्पन्नचा काळ आणि नवी रेल्वे

विक्रम संवत 1956 मध्ये, म्हणजे इसवी सन 1899-1900 मध्ये, मारवाडात जो भीषण दुष्काळ पडला, त्याला तिकडे आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. गुरे गेली, विहिरी आटल्या, माणसे वाटेला लागली. त्याच सुमारास इकडे निजामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे सुरू होत होती. नांदेड, मुदखेड ओलांडून ती गाडी उमरीला येई आणि पुढे धर्माबादकडे, गोदावरीच्या पुलाकडे जाई. दुष्काळाने मराठवाड्यालाही सोडले नव्हते. पण रेल्वे आली, तिच्या पाठोपाठ कापसाचा व्यापार वाढला आणि स्टेशनालगतच्या गावांमधून मोंढे उभे राहिले. नांदेडच्या गावरानी कापसाला चांगले नाव होते. हिशेब जाणणाऱ्या माणसांची मोंढ्याला गरज होती आणि मारवाडातल्या घरांना पोट भरण्याची.

माझे पणजोबा त्या दुष्काळानंतरच्या वर्षांत निघाले. मारवाड जंक्शन, अहमदाबाद, मुंबई, मनमाड, नांदेड आणि अखेर उमरी, असा तो प्रवास होता. हाती धोतराचे पान, एक लोटा आणि दूरच्या नातलगाच्या दुकानावर गुमास्ता म्हणून राहण्याचा निरोप, एवढेच भांडवल. श्रावकाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आपण होऊन घालून घ्यायची. पणजोबांच्या घरी ही मर्यादा पाळण्याची रीत होती. ती ओलांडताना त्यांच्या मातुःश्रींनी गुरुमहाराजांची अनुज्ञा मागितली, असे दादीसा सांगत. आपली माणसे हौसेने निघाली नव्हती, हे यावरून ध्यानी यावे.

विहिरीवर

दुकानात बसणाऱ्या पुरुषाला नवा मुलूख निदान व्यवहारापुरता लवकर कळतो. खरी परीक्षा घरात असते. दादीसा 1930 नंतरच्या काही वर्षांत मारवाडातून नवी सून म्हणून उमरीला आल्या. वय लहान, मराठीचा एक शब्द येत नव्हता. तसे पाहिले तर प्रत्येक सून ही एक स्थलांतरितच असते. दादीसांचे घरही बदलले होते आणि मुलूखही.

पहिल्याच दिवशी त्या विहिरीवर गेल्या. पाणी गाळले आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी आपल्या रीतीप्रमाणे हळूच पुन्हा त्याच विहिरीत सोडली. काठावरच्या बायका चपापल्या. परगावची पोर, तोंडावर घुंघट, कुणाशी बोलत नाही आणि सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात काहीतरी ओतते! एकीने रहाटाची दोरी धरून ठेवली. ‘‘काय टाकलालीस गं पाण्यात?’’ दादीसांना प्रश्न कळला नाही. त्यातला संशय मात्र कळला. त्या रडू लागल्या.

सरपणाची मोळी विकायला आलेली तांड्यावरची एक बंजारा बाई बाजूला उभी होती. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी वळणाची. दादीसा रडत रडत जे पुटपुटल्या, ते तिला उमगले. तिने बायकांना मराठीत सांगितले, ‘‘पाण्यातले जीव पाण्यातच सोडलाली ती. मरू नयेत म्हणून.’’ काठावर क्षणभर कुणी बोलले नाही. मग शेजारच्या अक्कांनी दोरी सोडायला लावली आणि दादीसांची घागर स्वतः भरून दिली. त्या दिवसापासून जिवाणी सोडताना दादीसांना कुणी अडवले नाही.

ही गोष्ट सांगताना दादीसा आणखी एक वाक्य जोडत आणि ते आम्ही विसरू नये, असा त्यांचा आग्रह असे. गावातल्याच काही घरांना त्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या मुभा नव्हती. आम्हा परक्यांना ती एका दिवसात मिळाली. हे आमचे पुण्य नव्हते. समाजाच्या उतरंडीत आम्ही कुठे बसलो, त्याचा तो लाभ होता.

अक्कांनीच पुढे दादीसांना ज्वारीची भाकरी शिकवली. मारवाडात बाजरी, इकडे ज्वारी. पिठात कढत पाणी घालून ते चांगले मळले नाही तर भाकरी थापताना चिरते, हे कळायला आठवडा गेला. तुपाच्या आणि तिळाच्या तेलाच्या सवयीला करडईचे तेल जड वाटे. अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा प्रथम नकोसा झाला आणि पुढे तिच्यावाचून जेवण सुने वाटू लागले. कांदा-लसूण आमच्या घरी चालत नाही आणि सूर्यास्तानंतर आम्ही जेवत नाही, हे अक्कांना समजल्यावर त्यांच्याकडच्या सणाचे ताट दिवस मावळायच्या आत आमच्या घरी येऊ लागले. आपला धर्म दुसऱ्याने लक्षात ठेवावा, यासारखे आपलेपण दुसरे कोणते?

पंचांगातही घोळ होता. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, इकडे अमावास्येला. त्यामुळे मारवाडच्या पत्रातला ‘भादवा बदी’ म्हणजे इकडचा श्रावण वद्य. पर्युषण मारवाडी मनाला भाद्रपदात लागत असे आणि उमरीच्या शेजाऱ्यांच्या लेखी ते श्रावणातच सुरू होई. मधल्या अमावास्येला बैलपोळा येई. शेतकरी सजवलेले बैल घेऊन दारी येत आणि घरातल्या उपवासाच्या, तपाच्या दिवसांतच दादीसा बैलांच्या पायांवर पाणी घालून त्यांना नैवेद्य देत. सांवत्सरिक क्षमापनेच्या वेळी गावात गणपती बसलेले असत. दोन पंचांगे अशी एका अंगणात नांदली.

मोंढ्यातली पत

पणजोबांची शिकवणी मोंढ्यात झाली. त्यांना महाजनी लिपी येत होती. तिच्यात काना-मात्रा लिहीत नसत, त्यामुळे ‘काका अजमेरला गेले’ हे ‘काका आज मेले’ असे वाचले गेल्याचा विनोद आपल्या प्रत्येक घरी सांगितला जातो. इकडचे जुने मराठी कागद मोडीत, सरकारी कागद उर्दूत. गल्ल्यात येणारा रुपया निजामाचा हाली. मुलखाला पाठवायचा रुपया इंग्रजांचा कलदार. सात हालींचे सहा कलदार होत. पणजोबा पोट मारून सातशे हाली साठवत, तेव्हा मारवाडात सहाशे पोहोचत. धान्य पायली, अडिशेरी, शेर, चिपटे, कोळवे अशा मापांनी मोजले जाई. वहीत विक्रम संवत, सरकार-दरबारी फसली साल, शेतकऱ्याच्या तोंडी शालिवाहन शकाचे महिने आणि घरच्या देवघरात वीरनिर्वाण संवत. गिऱ्हाईक मराठी बोले, तेलंगणाच्या बाजूचा शेतकरी तेलुगू, कचेरीतला कारकून दखनी उर्दू. इतके सारे पाठ झाले म्हणजे माणूस मोंढ्यात उभा राहू शके.

पण उभे राहणे निराळे आणि पत मिळणे निराळे. शेतकरी वर्षाचा कापूस गाडीत भरून आणतो, आडत दुकानासमोर गाडी सोडतो आणि माल काट्यावर घालतो. वजन व्यापारी सांगतो, पट्टी व्यापारी करतो, पैसे पुष्कळदा मागाहून मिळतात. पट्टीवरची अक्षरे त्या काळी बहुतेक शेतकऱ्यांना वाचता येत नसत. व्यापारी शेतकऱ्याला उधार देतो, असे आपण म्हणतो. परंतु त्याआधी शेतकऱ्याने व्यापाऱ्याला आपला विश्वास उधार दिलेला असतो. ही पहिली उधारी त्याची असते.

या उधारीची परतफेड सर्वांनी नीट केली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजर सावकारांची दुकाने लुटली आणि ठिकठिकाणी कर्जखते हुडकून जाळली. पुणे-अहमदनगर भागातील त्या उठावाला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. 1879 चा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा त्यातूनच आला. तो मुलूख इंग्रजांचा होता, निजामाचा नव्हता. पण उमरीच्या दुकानात बसणाऱ्याला त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ होते. अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये आपल्या आचार्यांनी ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितला आहे. घेताना जास्त आणि देताना कमी मोजणे. चोरीचे हे रूप त्यांनी मुद्दाम वेगळे नोंदवले, कारण ते आपल्याच व्यवसायात शिरू शकते, हे त्यांना ठाऊक होते. परका माणूस अनेक चुकांमधून सावरतो. खोट्या मापातून तो कधीच सावरत नाही.

बळदातली वही

30 जानेवारी 1948. फसली 1357, विक्रम संवत 2004, शके 1869. त्या दिवशी हैदराबाद मुक्तिलढ्यातील स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर धाड घातली आणि आमच्या आडगावाचे नाव सर्वत्र गाजले. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. पुढचे महिने फार वाईट गेले. रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात आणि सोलापूरच्या बाजूला गेली. आमचे घरही रातोरात निघाले आणि पैनगंगेपलीकडे एका ओळखीच्या वाड्यात राहिले. मारवाडातून आलेले आम्ही आता मराठवाड्यातून आलेले निर्वासित झालो आणि या खेपेस आमच्यासोबत जन्माने मराठवाड्याचे असलेले शेजारीही होते.

निघताना खातेवह्यांचा प्रश्न आला. सोबत नेणे शक्य नव्हते, दुकानात ठेवणे धोक्याचे. जवळच्या एका खेड्यातील शेतकऱ्याने त्या मागून घेतल्या आणि आपल्या घरच्या बळदात ज्वारीखाली पुरून ठेवल्या. 17 सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. आम्ही परतलो, तेव्हा त्याने त्या जशाच्या तशा आणून दिल्या. त्यातल्या एका पानावर त्याचे स्वतःचे कर्ज लिहिलेले होते. ते पान फाडले असते तर कुणालाही समजले नसते. सुप्याला 1875 मध्ये शेतकऱ्यांनी कागद जाळले होते. इथे शेतकऱ्याने आपल्याच कर्जाचा कागद धान्याखाली जपला. आजोबांनी ते खाते तिथल्या तिथे बंद करायला घेतले, पण त्याने ऐकले नाही. ‘‘शेटजी, कर्ज हाय ते फेडतो. वही ठेवली ती काय त्याच्यासाठी न्हाई.’’

दादीसांचे ‘देणे’ ते हे. वहीत ते लिहिता येत नव्हते, कारण त्याची रक्कम ठरत नव्हती.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. गाव होते तिथेच राहिले आणि सारे गाव नव्या मुलखात गेले. कचेरीची भाषा बदलली, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. 1957 मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि क्विंटल आले, 1959 मध्ये हाली रुपया कायमचा गेला. तेव्हा नवा हिशेब शिकण्याची पाळी सगळ्यांवर एकदमच आली. दोन मुलखांचे, दोन रुपयांचे, चार पंचांगांचे गणित घोकलेल्या आजोबांच्या ओट्यावर शेजारचे शेतकरी किलोचा भाव शेरात मांडून घ्यायला येऊन बसत. जुनी उधारी फेडण्याची ती एक संधी होती आणि आजोबांनी ती साधली, असे मला वाटते.

पत म्हणजे काय?

आता माझ्या लेकीची गोष्ट. नोकरीच्या निमित्ताने ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. पगार चांगला, शिक्षण उत्तम. तरी पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तो रडवेला. घर भाड्याने मिळेना, कार्ड मिळेना, कारण तिचा ‘क्रेडिट स्कोअर’ नव्हता. तिथे पत आकड्यात मोजतात आणि नव्याने आलेल्याची नोंदच नसते. कर्ज बुडवलेल्याची पत वाईट. कर्ज कधी न घेतलेल्याची पतच नाही. बँकेने सुचवले ते असे: आधी आपलेच पैसे अनामत ठेवा, तेवढ्याच मर्यादेत कार्ड वापरा आणि दर महिन्याला वेळेवर भरत राहा. अखेर तिच्याच कार्यालयातील एका वयस्कर सहकारी बाईंनी आपल्या घरमालकाकडे तिच्याविषयी शब्द टाकला आणि खोली मिळाली. त्या बाई ना आपल्या धर्माच्या, ना आपल्या देशाच्या. लेक म्हणाली, ‘‘आई, त्यांना माझी काहीच माहिती नव्हती गं.’’ मला उमरीच्या विहिरीवरची ती मोळीवाली आठवली.

बाकीचे शिकणे तिच्या पणजीसारखेच चालले आहे. दिवस मावळण्याचा हिशेब निराळा. लंडनला असलेल्या माझ्या भाचीकडे डिसेंबरात दुपारी चार वाजण्याच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतर. चौविहार करणाऱ्याने जेवावे तरी केव्हा? उत्तर अमेरिकेतील जैन संघांनी 1981 साली ‘जैना’ हा महासंघ स्थापला आणि तिथे दिगंबर, स्थानकवासी, मंदिरमार्गी सारे एका छताखाली पर्युषण साजरे करताना दिसतात. परमुलखात माणसाला आपल्यांचा आधार लागतोच. पण त्याचे पाय रोवतात ते परक्याने दिलेल्या पहिल्या विश्वासाने.

याचे सर्वांत जुने आणि सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच समाजातील आहे. कविवर बनारसीदासांनी 1641 मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. जौनपूरचा हा तरुण व्यापारासाठी आग्र्याला आला, रत्ने हरवली, भांडवल बुडाले आणि बाजारात जायची लाज वाटू लागली. एका कचोरीवाल्याकडून तो उधारीवर कचोऱ्या खाई. एके दिवशी त्याने त्याला एकांतात गाठून खरे सांगितले, की माझ्याकडे काही नाही, मला आणखी उधार देऊ नका. कचोरीवाल्याने उलट त्याची मर्यादा वीस रुपयांपर्यंत वाढवली आणि निश्चिंत राहायला सांगितले. सहा-सात महिन्यांनी हिशेब झाला तो चौदा रुपयांचा आणि बनारसीदासांनी तो चुकता केला. साहित्यात अमर झालेला तो कचोरीवाला नावानिशी कुणाला ठाऊक नाही.

यंदाची गोष्ट

माझा भाऊ अजून उमरीतच दुकान चालवतो. दसऱ्यानंतर जिनिंगचा हंगाम लागला की हल्ली बिहार, उत्तर प्रदेशाकडची मुलेही कामाला येतात. यंदा त्यांतला एक जण दुकानात आला. पहिला पगार व्हायला तीन आठवडे होते. तोवर पीठ, तांदूळ, डाळ उधार मागत होता. भावाने विचारले, ‘‘जामीन कोण?’’ तो म्हणाला, ‘‘यहाँ तो कोई नहीं।’’ भावाने नाही म्हटले आणि रात्री फोनवर मला सहज सांगितले. हल्ली कुणाचा काय भरवसा, असेही म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. उधारी बुडाल्याने दुकाने बंद पडलेली आम्ही दोघांनीही पाहिली आहेत. ज्याला घरदार सांभाळायचे आहे, त्याने डोळे मिटून व्यवहार करू नये, हे पणजोबांनीच शिकवलेले. पण मी त्याला एवढेच विचारले, ‘‘पणजोबा उमरीच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा गावात त्यांचा जामीन कोण होता?’’ तो म्हणाला, नातलगाचे दुकान होते. मी म्हटले, ‘‘आणि दादीसांचा, विहिरीवर?’’ यावर तो काही बोलला नाही. आमचे बोलणे तिथेच थांबले. मला वाटले, तो रागावला.

चार दिवसांनी लक्ष्मीपूजन झाले. भावाने वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मला मोबाइलवर पाठवले. वर स्वस्तिक, त्याखाली रीतीप्रमाणे पहिली जमा आणि त्याच्या खालच्या ओळीत त्या मुलाचे नाव होते. नावापुढे पाच किलो पीठ, तीन किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ लिहिले होते. जामिनाची जागा कोरी होती.

तो हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. दादीसांचा मात्र त्या रात्री थोडा चुकता झाला.